एन-फाइव्हची तयारी: जपानी शिका, पण मराठीतून

नववीतल्या मुलाला घेऊन पालक चौकशीला आले की एक प्रश्न हमखास येतो: "इंग्रजी चांगलं आहे हो त्याचं, जपानी जमेल ना?" मी विचारते, "मराठी कसं आहे?" त्यांना ती थट्टा वाटते. पण मी अगदी मनापासून विचारत असते.

पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेक ठिकाणी व्याकरण इंग्रजीतून समजावलं जातं. पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, म्हणून वहीही इंग्रजीत. मग मुलं जपानी वाक्य आधी इंग्रजीत उलटं करतात आणि तिथून मराठीत सुलटं. एवढं करायला परीक्षेत वेळ नसतो आणि करायची गरजही नसते. मराठी आणि जपानी वाक्याची ठेवण इतकी जवळची आहे की मधला हा वळसा टाळला तर निम्मं व्याकरण तुम्हाला आधीच येत असतं.

हा लेख जेएलपीटी या जपानी भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रावीण्य परीक्षेच्या एन-फाइव्ह या पहिल्या पातळीला पहिल्यांदाच बसणाऱ्या शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात जपानी हा विषय घेतला असेल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल. फरक एवढाच की तिथे पेपरात हाताने जपानी लिहावं लागतं, इथे फक्त गोळे काळे करायचे.

आधी परीक्षा ओळखून घ्या

जेएलपीटी १९८४ पासून सुरू आहे. आजच्या पाच पातळ्या २०१० पासूनच्या: एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. वयाची अट नाही, त्यामुळे हॉलमध्ये शेजारी सहावीतली मुलगी आणि पलीकडे आयटीतले काका असं दृश्य दिसलं तर दचकू नका. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. कुठल्या शहरात दोन्ही वेळा आणि कुठे एकदाच, हे नोंदणी करताना बघून घ्या.

एन-फाइव्हचे तीन पेपर एकाच दिवशी होतात. लिपी आणि शब्दसंग्रह २० मिनिटं, व्याकरण आणि वाचन ४० मिनिटं, ऐकणं ३० मिनिटं. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याची नाही. एकूण गुण १८०. त्यातले पहिल्या दोन पेपरांचे मिळून १२० आणि ऐकण्याचे ६०.

उत्तीर्ण व्हायला ८० गुण लागतात. बरेच जण इथवर वाचून थांबतात आणि घोटाळा होतो, कारण दोन अटी आणखी आहेत: पहिल्या भागात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९. यातली एक जरी हुकली तरी एकूण कितीही असोत, नापास. मी स्वतः पहिल्यांदा अशीच आपटले. पहिल्या भागात ८८, ऐकण्यात १७. बेरीज १०५, निकाल अनुत्तीर्ण. घरी वडिलांना वाटत होतं की छपाईची चूक असणार. ती चूक माझ्या कानांची होती, त्याबद्दल पुढे बोलू.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोळा रिकामा सोडायचा नाही. "माझी इतकी बरोबर आली म्हणजे इतके गुण" हा हिशेबही इथे चालत नाही, कारण गुण कच्च्या बेरजेवरून दिले जात नाहीत. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार एका ठरावीक मोजपट्टीवर बसवले जातात. परीक्षेहून आल्यावर उत्तरं जुळवत बसण्याला त्यामुळे काही अर्थ नाही. प्रश्नपत्रिका घरी आणता येत नाही, तेव्हा ते जमणारही नाही म्हणा.

दिवाळी ते जुलै

२०१० च्या आधीची सगळ्यात खालची पातळी साधारण १५० तासांचा अभ्यास, ८०० शब्द आणि १०० कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, एवढी मानली जायची. नव्या परीक्षेत शब्दांच्या अधिकृत याद्या प्रसिद्ध होत नाहीत, पण आम्ही शिकवणारे अजून त्याच मापाने मोजतो. रोज पाऊण तास धरला तर दोनशे दिवसांत दीडशे तास होतात. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली तर जुलैपर्यंत दोनशे दिवस आरामात मिळतात, वार्षिक परीक्षेचा महिना वजा करूनही. मे महिन्याची सुट्टी मधे येते, ती सरावाला सोन्यासारखी.

जूनमध्ये सुरू करून डिसेंबरला बसणारेही असतात. आठवी-नववीला ते ठीक आहे. दहावीच्या मुलाने मात्र डिसेंबरच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सराव परीक्षा, पूर्वपरीक्षा आणि वर जपानी. मग धड एकही होत नाही.

जुलैच्या परीक्षेची नोंदणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरची ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. ऑनलाइन असते, फोटो ठरलेल्या मापाचा लागतो, आणि मोठ्या शहरांत जागा शेवटच्या तारखेची वाट बघत थांबत नाहीत. नाव पासपोर्टवर किंवा ओळखपत्रावर आहे तसंच भरा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

पहिले तीन आठवडे: काना

काना म्हणजे जपानीच्या दोन ध्वनिलिप्या. हिरागानाची अक्षरं ४६ आणि काताकानाची ४६. दोन्ही लिप्यांत ध्वनी तेच, अक्षरांचे आकार वेगळे. तीन आठवड्यांत दोन्ही हातात बसायला हव्यात. त्यानंतर वहीत देवनागरीत किंवा रोमन लिपीत जपानी शब्द लिहिणं बंद म्हणजे बंद. मी इथे देवनागरीत लिहितेय ती लेखाची सोय आहे. तुमच्या वहीत ती पळवाट ठरेल, कारण परीक्षेत रोमन अक्षर एक दिसणार नाही.

आता मराठी मुलांच्या हक्काची गोष्ट. जपानी वर्णमालेचे स्वर आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि ओळी अशा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतच्या उच्चारशास्त्राचा अभ्यास जपानात पोहोचला आणि ही मांडणी त्या वळणावर झाली. क-वर्ग, मग च-वर्गाच्या जागी स, मग त, न, मग प-वर्गाच्या जागी ह, म, आणि शेवटी य, र, व. 'प'च्या जागी 'ह' का, तर जुन्या जपानीत तो उच्चार 'प'च होता. हे एकदा कळलं की दुसरं कोडंही सुटतं. अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की का-चा गा होतो, ता-चा दा होतो, आणि हा-चा चक्क बा होतो. गोल काढला तर पा. इंग्रजीतून शिकणारा हे पाठ करतो. आपण बालवाडीत 'प फ ब भ म' म्हटलेलं असतं, आपल्याला ते दिसतं.

सारखी दिसणारी अक्षरं मात्र सगळ्यांनाच छळतात. हिरागानात नु आणि मे: शेपटीला गाठ असेल तर नु, नसेल तर मे. रु आणि रो यांचंही तेच, गाठ असलेला रु. सा आणि चि ही एकमेकांची आरशातली रूपं आहेत. इंग्रजी पाचच्या आकड्यासारखा दिसतो तो चि. काताकानात खरी मारामारी शि-त्सु आणि न-सो या जोड्यांची. शि आणि न यांच्या छोट्या रेघा डाव्या कडेला धरून असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो यांच्या छोट्या रेघा वरच्या कडेला धरून असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. नुसतं बघून हे लक्षात राहत नाही. पेन्सिल घ्या, प्रत्येकी वीस वेळा काढा, रेघ कुठून सुरू होते ते हाताला कळू द्या.

उच्चारांत आपल्याला एक बक्षीस आहे आणि एक खड्डा. बक्षीस म्हणजे त्सु. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जड जातो. आपण 'चूल', 'चूक' म्हणताना जो च काढतो तोच हा. 'चहा'तला नव्हे, चुलीतला. खड्डा म्हणजे स्वरांची लांबी. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना भांडतो, बोलताना फारसं पाळत नाही. जपानीत ते पाळलं नाही तर माणूस बदलतो: ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाआसान म्हणजे आजी. ओजिसान काका, ओजीसान आजोबा. ऐकण्याच्या पेपरात चित्रात दोघी असतात आणि आपण आजीऐवजी काकूवर खूण करून मोकळे होतो.

कांजी: शंभर, पण ओळखीपुरत्या

यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण मुलं आपणहून यावर नको तितका घालवतात. कांजी सुंदर दिसतात, वहीत काढायला मजा येते, अभ्यास झाल्यासारखा वाटतो. एन-फाइव्हला त्या ओळखता आल्या की पुरे. आकडे, वार, दिशा, घरची माणसं, जाणं-येणं-खाणं-पिणं, मोठा-लहान. आठवड्याला सात-आठ केल्या तरी चार महिन्यांत संपतात. कांजी एकेकटी पाठ करू नका, शब्दासकट करा. एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार असतात आणि प्रश्न शब्दावर येतो.

वारांच्या कांजी तर आपल्याला फुकट मिळतात. जपानी वार ग्रहांवरून पडलेत, आपलेही. सोमवार म्हणजे चंद्राची कांजी, रविवार म्हणजे सूर्याची. मंगळवारची कांजी अग्नीची, आणि जपानीत मंगळ म्हणजे अग्नीचा ग्रह. बुध पाण्याचा, गुरू झाडाचा, शुक्र सोन्याचा, शनी मातीचा. 'शुक्र, सोनं' एवढं डोक्यात राहिलं की किन्योबी आला की शुक्रवार आपोआप आठवतो.

व्याकरण: इथे मराठी काढा

माझ्याकडे नववीतली एक मुलगी होती. वहीत तीन रकाने करून आली होती: जपानी, इंग्रजी, मराठी. दुसऱ्या महिन्यात मी वही बघितली तर मधल्या रकान्यावर शेवटपर्यंत उभी लाल रेघ. "सेन्सेइ (म्हणजे बाई), याची गरजच पडत नाही," म्हणाली. तिला कसं कळलं ते बघा.

"मला मांजर आवडतं." इंग्रजीत आवडणारा कर्ता आणि मांजर कर्म. मराठीत आवडतं ते मांजर, मी बाजूला. जपानीतही तेच: वाताशि वा नेको गा सुकि देस. मांजरापुढे गा येतो, कर्माचा ओ नाही. "मला जपानी समजतं" याचंही तसंच, निहोंगो गा वाकारिमास. पर्यायांत ओ आणि गा दोन्ही ठेवलेले असतात आणि इंग्रजीतून विचार करणारा नेमका ओ उचलतो.

"मित्राला भेटतो." तोमोदाचि नि आइमास. आपला 'ला', त्यांचा नि. "बसने जातो", बासु दे इकिमास. आपला 'ने', त्यांचा दे. 'चा-ची-चे' या सगळ्यांना मिळून एकटा नो. लिंगाची भानगडच नाही. 'पासून' म्हणजे कारा, 'पर्यंत' म्हणजे मादे. 'मीही' मधला 'ही' म्हणजे मो. आणि प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी का. "येतोस का?" किमास का? हा निव्वळ योगायोग आहे, पण योगायोगाचे गुण घ्यायला हरकत नाही. शेवटचा ने म्हणजे आपला 'ना': "गार आहे ना?" सामुइ देस ने.

जिथे मराठी दगा देते त्या जागा वेगळ्या लिहून ठेवा. पहिली जागा 'त' प्रत्ययाची. "शाळेत आहे" आणि "शाळेत शिकतो", आपल्याला दोन्हीकडे त. जपानीत नुसतं असणं असेल तर नि, काही करणं असेल तर दे: गाक्को नि इमास, पण गाक्को दे बेंक्यो शिमास. दुसरी, 'आहे'. माणूस किंवा प्राणी असेल तर इमास, वस्तू असेल तर आरिमास. झाड जिवंत असूनही आरिमास. तिसरी, 'घालणे'. आपण शर्ट घालतो, बूट घालतो, टोपी घालतो, चष्माही घालतो. त्यांच्याकडे कमरेच्या वरचं किमास, खालचं हाकिमास, डोक्यावरचं काबुरिमास, चष्म्याला काकेमास. चित्रातला माणूस ओळखण्याच्या प्रश्नात यावरच सगळं असतं. चौथी, किरेइ (सुंदर) हे विशेषण. शेवटी इ आहे म्हणून त्याला ओइशी (चविष्ट) सारखं थेट नामाला जोडू नका. ते ना-विशेषण आहे, म्हणजे नामाआधी मधे ना लागतो: किरेइ ना हाना.

कर्त्यापुढे येणारे वा आणि गा यांवर पानंच्या पानं लिहिली गेलीत. परीक्षेपुरता एक नियम घट्ट धरा: 'कोण', 'काय' असा प्रश्नशब्द कर्ता असेल तर त्यापुढे गा, आणि त्याच्या उत्तरातही गा. दारे गा किमास का? तानाका-सान गा किमास.

आता ते-रूप. याला मुलं घाबरतात आणि मला ते कळत नाही, कारण ते आपलं 'ऊन' आहे. ताबेते म्हणजे खाऊन, काइते म्हणजे लिहून, इत्ते म्हणजे जाऊन. "नाश्ता करून शाळेत जातो", आसागोहान ओ ताबेते, गाक्को ए इकिमास. पुढच्या पातळीवर तर बहारच येते: 'खाऊन बघणे', 'करून ठेवणे', 'खाऊन टाकणे' ही तिन्ही जपानीत अशीच आहेत, बघणे आणि ठेवणे तर शब्दशः. इंग्रजीत याला वाक्यभर समजावणं लागतं. रूप तयार करायचे नियम तेवढे पाढ्यांसारखे घोका: ताबेरु-ताबेते अशी, रु जाऊन नुसता ते लागणारी क्रियापदं सोडली तर शेवटी उ-त्सु-रु असलेल्यांचं त्ते, मु-बु-नु असेल तर न्दे, कु-चं इते, गु-चं इदे, सु-चं शिते. इकु (जाणे) एकटा बंडखोर, त्याचं इत्ते. महिनाभर रोज दहा क्रियापदं, एवढंच करा.

ताऱ्याचा प्रश्न

व्याकरणाच्या पेपरात एक प्रकार असतो तो बघून नवखे गोंधळतात. एका वाक्यात चार रिकाम्या जागा, त्यांतल्या एकीवर तारा. खाली चार तुकडे. तुकडे योग्य क्रमाने लावायचे आणि ताऱ्याच्या जागी कोणता येतो त्याचा गोळा काळा करायचा. एक करून बघू. वाक्य "कोरे वा" ने सुरू होतं आणि "देस" ने संपतं, तारा तिसऱ्या जागेवर. तुकडे: १ त्सुकुत्ता, २ केएकि, ३ गा, ४ हाहा.

इंग्रजीतून गेलात तर "हा केक आहे जो..." असं सुरू होईल आणि केक पहिल्या जागी जाऊन बसेल. मराठीत म्हणा: "हा आईने केलेला केक आहे." आई, ने, केलेला, केक. हाहा, गा, त्सुकुत्ता, केएकि. तिसऱ्या जागी त्सुकुत्ता, उत्तर १. पाच सेकंद. नामाचं वर्णन नामाच्या आधी येतं ही आपली रोजची सवय आहे.

यात एक बारकावा आहे. हाहा म्हणजे माझी आई. तुमची आई असेल तर ओकाआसान. स्वतःचे वडील चिचि, दुसऱ्याचे ओतोसान. आपणही "आमचा मुलगा" आणि "आपले चिरंजीव" असं बोलतोच की. जुन्या पत्रांच्या मायन्यांची सवय असलेल्या आजी-आजोबांना हे लगेच पटतं, मुलांना आठवडा लागतो. थोरला-धाकटा हा भेदही शब्दातच आहे, दादा-ताईसारखा.

शब्द आणि व्याकरण यांसाठी पुस्तक एकच धरा. पुण्यातले बरेच वर्ग 'मिन्ना नो निहोंगो' वापरतात. त्याच्या पहिल्या भागात २५ धडे आहेत आणि एन-फाइव्हचं व्याकरण बहुतेक तेवढ्यात येतं. तीन पुस्तकांचे पहिले दहा-दहा धडे केलेली मुलं दरवर्षी येतात.

आकडे, तारखा आणि माझे १७ गुण

जपानी आकडे सोपे आहेत. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी पाठ केलेल्या मुलाला "दोन-दहा-नऊ" म्हणजे काहीच नाही. त्रास मोजण्याच्या शब्दांचा आणि तारखांचा आहे. एक माणूस हितोरि, दोन फुतारि, तीनपासून सान्निन. लांबट वस्तू इप्पोन, निहोन, साम्बोन. चार वाजता म्हणजे योजि, सात म्हणजे शिचिजि, नऊ म्हणजे कुजि. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांना आणि वीस तारखेला स्वतंत्र नावं: त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योओका, कोकोनोका, तोओका, आणि वीसला हात्सुका.

योक्का म्हणजे चार तारीख, योओका म्हणजे आठ. मी हे कागदावर झोपेत सांगितलं असतं. हॉलमध्ये पहिल्याच संवादात एक बाई आठ तारीख म्हणाली, मला चार ऐकू आली, पुढच्या प्रश्नापर्यंत मी तिथेच अडकून राहिले आणि ध्वनिफीत पुढे निघून गेली. ती एकदाच ऐकवतात. शेजारचा मुलगा शांतपणे गोळे काळे करतोय आणि आपण अजून तारखेत, ही अवस्था मी कोणाला देऊ इच्छित नाही. वर्षभरात मी कानांसाठी एकूण दहा तास दिले असतील, तेही शेवटच्या आठवड्यात.

म्हणून ऐकणं पहिल्या महिन्यापासून, रोज पंधरा मिनिटं. पाऊण तासातलीच. एकच छोटा संवाद घ्या. आधी काहीही न बघता ऐका. मग लिहिलेला मजकूर समोर धरून ऐका. मग आवाजाच्या मागोमाग, त्याच लयीत स्वतः म्हणा. ही तिसरी फेरी मुलं लाजून टाळतात; दार लावून घ्या, पण करा. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारणसेवेचे जपानीचे सोपे धडे मोफत आहेत आणि हिंदीतूनही आहेत. ॲनिमे बघायला माझी ना नाही, पण त्यातली मारामारी करणारी पात्रं बोलतात तशी भाषा या परीक्षेत कोणी बोलत नाही.

पेपरात चार प्रकार असतात. पहिल्या दोनांत आधी प्रसंग आणि प्रश्न सांगतात, मग संवाद, मग पुन्हा प्रश्न. पहिल्यांदा प्रश्न ऐकला की 'कधी', 'कुठे', 'किती', 'आधी काय' यांतलं काय विचारलंय एवढंच पकडा. उत्तर बहुतेकदा संवादाच्या उत्तरार्धात असतं, कारण माणसं मन बदलतात: तीन वाजता भेटू, नको, साडेतीन. 'जा', 'देमो', 'याप्पारि' हे शब्द आले की कान टवकारा, आधीचं उत्तर बदलणार आहे. तिसऱ्या प्रकारात चित्र असतं, त्यातल्या एका माणसाकडे बाण, आणि तो काय म्हणेल ते तीन पर्यायांतून निवडायचं. चौथ्यात पानावर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य ऐकवतात आणि त्यावरची तीन उत्तरं.

या चौथ्यात एक गंमत हटकून भेटते. "उद्या सिनेमाला येता का?" "आशिता वा चोत्तो..." वाक्य तिथेच संपतं. मुलं विचारतात, सेन्सेइ, पुढचं ऐकूच आलं नाही. पुढचं नसतंच. चोत्तो म्हणजे जरा. आपल्याकडेही "उद्या जरा..." एवढं म्हटलं की समोरचा समजतो, हा काही येत नाही.

शेवटचा महिना आणि तो रविवार

जेएलपीटीच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न ध्वनिफितीसकट मोफत आहेत. ते आधीच संपवू नका, जूनसाठी राखून ठेवा. दर रविवारी दुपारी घड्याळ लावून तिन्ही पेपर सलग सोडवा, कारण परीक्षाही तशीच सलग असते आणि शेवटच्या ऐकण्याच्या पेपरापर्यंत डोकं जड झालेलं असतं. ४० मिनिटांच्या पेपरात व्याकरण पंधरा-अठरा मिनिटांत हातावेगळं करा, उरलेला वेळ वाचनाला. शेवटी एक सूचनाफलक किंवा वेळापत्रक असतं. तिथे आधी प्रश्न वाचा, मग फलकात शोधा. सगळा फलक वाचायला बसलात तर वेळ गेलाच.

परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र, ओळखपत्र, दोन-तीन एचबी पेन्सिली, चांगला खोडरबर आणि साधं काट्यांचं घड्याळ. स्मार्टवॉच चालत नाही. फोन बंद, म्हणजे पूर्ण बंद. नुसता मुका केलेला नव्हे. या परीक्षेत फुटबॉलसारखी पिवळी आणि लाल कार्डं असतात आणि फोन वाजला तर लाल मिळून परीक्षा तिथेच संपू शकते. आईने विचारपूस करायला केलेला फोनही त्यात आला, तेव्हा हे घरीही सांगून ठेवा. ऐकण्याचा पेपर सुरू झाल्यावर आत घेत नाहीत आणि एक पेपर बुडला तर बाकीचे देऊनही निकाल अनुत्तीर्णच लागतो. मधल्या सुट्टीत डबा खायला लांब जाऊ नका. जुलैचा पाऊस असतो, उत्तरपत्रिका हातात घेण्याआधी हात कोरडे करा.

ऐकताना एखादं उत्तर हुकलं तर कुठलाही गोळा काळा करून पुढच्या चित्रावर नजर न्या. हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. सरावाच्या रविवारी मुद्दाम एक प्रश्न सोडून देऊन बघा, म्हणजे सुटलेल्या प्रश्नाची सवय होते.

जुलैचा निकाल ऑगस्टच्या शेवटाकडे ऑनलाइन लागतो. नुसत्या एन-फाइव्हवर नोकरी वगैरे मिळत नाही, तशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये. कंपन्या साधारण एन-थ्री, एन-टूपासून विचारू लागतात. शाळेत असताना एवढं झालं तर पुढचं गाठायला वेळ भरपूर असतो. निकालाची वाट बघण्यात दोन महिने घालवू नका, 'मिन्ना नो निहोंगो'च्या दुसऱ्या भागातला २६वा धडा उघडून ठेवा. हे 'उघडून ठेवणं' जपानीत कसं म्हणायचं ते त्याच पुस्तकात, ३०व्या धड्यात आहे.